दारामागचा पुरुष : सरकारी अनुदानाने अमेरिकेतील कुटुंबे मोडली काय?

(दीर्घ थ्रेड)

१/
जानेवारी १९६३. कॅलिफोर्नियातील अलामेडा काउंटी. रविवारची पहाट. समाजकल्याण खात्याचे कर्मचारी दोघादोघांच्या जोड्या करून गरीब स्त्रियांच्या घरांकडे निघाले. एकाने पुढच्या दारावर थाप मारायची आणि दुसऱ्याने मागच्या दाराशी उभे राहायचे, म्हणजे आतून कोणी पुरुष निसटू लागला तर तो नजरेतून सुटणार नाही. मग घरात शिरून खोल्या, कपाटे, न्हाणीघर पाहायचे. या स्त्रियांवर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप नव्हता. मुलांच्या पोषणासाठी त्यांना सरकारी अनुदान मिळत होते, एवढेच त्या झडतीचे कारण.

२/
बेनी पॅरिश नावाच्या एका कर्मचाऱ्याने या मोहिमेत भाग घेण्यास नकार दिला. पॅरिश अंध होते. लोकांच्या घरात असे शिरणे घटनाबाह्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. चार वर्षांनी, १९६७ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु मूळ प्रश्न तसाच उरतो. मुलाच्या दुधाचे पैसे देणारे सरकार पहाटे त्याच्या घरात पुरुष का शोधत होते?

३/
या प्रश्नाच्या उत्तरात एका मोठ्या वादाची किल्ली आहे. एक पक्ष म्हणतो की सरकारने एकट्या मातांना पैसे दिले, म्हणून वडील घराबाहेर पडले आणि एकल पालकत्व वाढले. दुसरा पक्ष म्हणतो की कुटुंब बदलले ते अर्थव्यवस्थेमुळे, अनुदानाचा त्याच्याशी संबंध नाही. इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. पैशाने कुटुंब मोडल्याचा पुरावा दुबळा आहे. पैशासोबत जोडलेल्या अटींनी कुटुंबाला वाकवल्याचा पुरावा मात्र भक्कम आहे. त्या अटी कशा घडल्या, हे क्रमाने पाहणे आवश्यक आहे.

४/
आरंभ १९०९ पासून करावा लागेल. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निराधार मुलांच्या प्रश्नावर व्हाइट हाउसमध्ये परिषद बोलावली. तोवर वडील वारले आणि आई गरीब असली, तर मुलांची रवानगी बहुधा अनाथालयात होई. आई जिवंत असूनही मूल अनाथ ठरे. परिषदेने एक महत्त्वाचे तत्त्व मांडले : केवळ दारिद्र्याच्या कारणावरून घर मोडू नये. म्हणजे अमेरिकेतील या अनुदानाचा जन्मच मुळी कुटुंब टिकवण्याच्या हेतूने झाला. पुढील साठ वर्षांचा इतिहास वाचताना ही गोष्ट विसरता कामा नये.

५/
१९११ मध्ये इलिनॉय राज्याने 'मातृ-निवृत्तिवेतना'चा राज्यव्यापी कायदा केला. १९२० पर्यंत सुमारे चाळीस राज्यांत असे कायदे झाले. पण पैसा मिळे तो 'योग्य' मातेला, आणि योग्यता कोण ठरवणार? स्थानिक अधिकारी. १९३१ मधील एका सरकारी पाहणीनुसार लाभार्थी मातांपैकी ८२ टक्के विधवा होत्या आणि ९६ टक्के गोऱ्या. परित्यक्ता, अविवाहित आणि कृष्णवर्णीय माता जवळजवळ वगळल्याच गेल्या होत्या. मदतीच्या पहिल्याच पिढीत मातेचे चारित्र्य हा पात्रतेचा निकष होऊन बसला.

६/
१४ ऑगस्ट १९३५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील एका छोट्या प्रकरणाने 'अवलंबित मुलांना साहाय्य' ही योजना निर्माण केली. तीच पुढे एएफडीसी या नावाने ओळखली गेली. तिने अवलंबित मुलाची व्याख्या अशी केली : पालकाचा मृत्यू, घरातील सततची अनुपस्थिती, किंवा शारीरिक वा मानसिक असमर्थता यांमुळे ज्याचा आधार हिरावला गेला आहे ते मूल. ही एकच व्याख्या. साऱ्या पुढच्या कथेचे बीज तिच्यात आहे.

७/
ही व्याख्या बारकाईने वाचावी. वडील मेले तर मूल पात्र. घर सोडून गेले तर पात्र. अपंग झाले तर पात्र. पण वडील धडधाकट आहेत, घरातच आहेत आणि महामंदीत नोकरी गमावून बसले आहेत, तर? मूल अपात्र. उपाशी मुलाची भूक दोन्ही घरांत सारखीच. फरक फक्त दारामागे पुरुष आहे की नाही, एवढाच. कायदा करणाऱ्यांना वडिलांना घराबाहेर काढायचे नव्हते. कामकरी पुरुषाच्या बेकारीची सोय अन्य योजना करतील, असे त्यांनी गृहीत धरले होते. परंतु नियमाचा परिणाम हेतूवर अवलंबून नसतो. ज्याला तो नियम लागू होतो त्याच्यासमोर तो कोणते पर्याय ठेवतो, यावर असतो.

८/
चार वर्षांनी आणखी एक बदल झाला. १९३९ च्या दुरुस्तीने विमाधारक कामगारांच्या विधवांना आणि मुलांना सामाजिक विम्यातून हक्काचे वेतन मिळू लागले. तेथे घराची झडती नाही, चारित्र्याची चौकशी नाही. हळूहळू विधवा या सन्मानाच्या रांगेत गेल्या. जुन्या योजनेत उरल्या त्या परित्यक्ता, घटस्फोटिता आणि अविवाहित माता. १९६१ पर्यंत वडिलांच्या मृत्यूमुळे मदत घेणाऱ्या मुलांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आले होते. पुढे 'या योजनेत अविवाहित माताच फार' अशी ओरड झाली. पण त्यामागे समाजाच्या बदलाबरोबरच कायद्याने स्वतः केलेली ही निवडही होती.

९/
दक्षिणेकडील राज्यांत या योजनेला वंशभेदाची धार होती. शेतात आणि गोऱ्यांच्या घरात कमी मजुरीत राबणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला सरकारी आधार मिळाला तर ती कामाला येईल काय, ही तेथील बड्या शेतमालकांची चिंता होती. १९४३ मध्ये लुइझियानाने नियम केला की शेतात काम उपलब्ध असेल त्या हंगामात मातेला अनुदान मिळणार नाही. जोडीला होता 'योग्य घर' हा निकष. घर अयोग्य ठरवण्यासाठी अनौरस मूल किंवा येता-जाता दिसलेला एखादा पुरुष पुरेसा होता.

१०/
१९६० चा लुइझियाना म्हणजे या नियमाचे टोक. शाळांतील वर्णभेद मोडण्याच्या आदेशांनी संतप्त झालेल्या विधिमंडळाने भेदरक्षक कायद्यांच्या मालिकेतच एक कायदा असा केला, की मदत सुरू झाल्यावर अनौरस मूल जन्मले असेल तर ते घर अयोग्य समजावे. काही महिन्यांत सुमारे सहा हजार कुटुंबांतील बावीस-तेवीस हजार मुलांची मदत थांबली. त्यांतील बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती. येथे एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही : घर जर मुलासाठी इतके अयोग्य आहे, तर त्याच घरात त्याला उपाशी ठेवणे योग्य कसे?

११/
अखेर तो प्रश्न संघीय मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी विचारला. जानेवारी १९६१ च्या त्यांच्या निर्णयाने राज्यांना बजावले की घर अयोग्य म्हणून पैसे बंद करायचे आणि मूल मात्र तेथेच सोडायचे, हे चालणार नाही. एकतर घर सुधारण्यास मदत करा, नाहीतर मुलाची अन्यत्र व्यवस्था करा. निर्णय न्याय्य होता, पण त्याचीही एक कडू बाजू निघाली. घरातून काढून पालक कुटुंबात ठेवलेल्या मुलांसाठी त्याच वर्षी संघीय निधी खुला झाला. आईजवळ ठेवण्यासाठी जन्मलेली योजना आता आईपासून दूर नेण्याचाही खर्च उचलू लागली.

१२/
राज्यांनी मग दुसरी वाट काढली. १९६४ मध्ये अलाबामाने 'पर्यायी पिता' हा नियम आणला. एखादा धडधाकट पुरुष त्या स्त्रीच्या घरी राहत असेल, अधूनमधून येत असेल, किंवा बाहेर कोठे तिचे त्याच्याशी संबंध असतील, तर तो तिच्या सर्व मुलांचा पिता समजला जाई. तो मुलांचा खरा बाप आहे काय, त्यांच्यासाठी पैसे देतो काय, कायद्याने त्याच्यावर तशी जबाबदारी आहे काय, यांपैकी काहीच विचारायचे नाही. जून १९६४ ते जानेवारी १९६७ या काळात सुमारे सोळा हजार मुले यादीतून कमी झाली. हे प्रमाण २२ टक्के होते.

१३/
त्यांत सेल्मा गावच्या श्रीमती सिल्व्हेस्टर स्मिथ यांची चार मुले होती. पती वारलेले. पहाटे साडेतीनपासून दुपारपर्यंत त्या स्वयंपाकीण आणि वाढपी म्हणून काम करीत. आठवड्याची मिळकत सोळा ते वीस डॉलर. विल्यम्स नावाचे एक गृहस्थ शनिवार-रविवारी त्यांच्याकडे येत. त्या गृहस्थांना स्वतःची पत्नी आणि नऊ मुले होती. स्मिथबाईंच्या मुलांना पोसण्याची ना त्यांची ऐपत होती, ना कायद्याने जबाबदारी. तरीही सरकारी कागदावर ते त्या चौघांचे वडील ठरले आणि अनुदान बंद झाले.

१४/
स्मिथबाई न्यायालयात गेल्या. १७ जून १९६८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचे. त्याचा आशय सरळ होता : कायद्यातील 'पालक' म्हणजे ज्याच्यावर मुलाच्या पोषणाची कायदेशीर जबाबदारी आहे तो, आईच्या वर्तनाची शिक्षा गरजू मुलाला देता येणार नाही. देशातील अनेक राज्यांचे असे नियम या निकालाने कोसळले. एका स्वयंपाकिणीच्या दाव्याने जे साधले, ते तीन दशकांत धोरणकर्त्यांना साधले नव्हते.

१५/
तरी १९३५ च्या व्याख्येतील भगदाड शिल्लकच होते. १९६१ मध्ये केनेडी सरकारने बेकार पालक घरात असलेल्या कुटुंबांनाही मदत देण्याची मुभा दिली. पण ती राज्यांच्या इच्छेवर सोडली. निम्म्याच्या आसपास राज्यांनीच ती स्वीकारली. सर्व राज्यांना सक्ती झाली ती १९८८ च्या कायद्याने. त्यातही 'शंभर तासांचा नियम' होता : महिन्यात शंभर किंवा अधिक तास काम केले की तो बाप बेकार उरत नसे, मजुरी कितीही तुटपुंजी असो. एकट्या आईला ही मर्यादा नव्हती. म्हणजे थोडे काम करणारा बाप घरात असणे हेच कुटुंबाला महाग पडे.

१६/
याच सुमारास प्रश्नाचा रोख बदलला. मार्च १९६५ मध्ये श्रम खात्यातील डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांवरील अहवाल लिहिला. गुलामगिरी, बेकारी आणि शहरी दारिद्र्य यांनी ही कुटुंबव्यवस्था खिळखिळी केली, आणि त्यावर राष्ट्रीय कृती हवी, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु चर्चेत उरले ते कुटुंबाचे 'दोष'; बेकारीचा मुद्दा मागे पडला. कृष्णवर्णीय मातांवर खापर फोडल्याचा आक्षेप आला. परिणामी अनेक वर्षे अभ्यासक या विषयापासून दूरच राहिले, आणि मोकळे झालेले मैदान घोषणांना मिळाले.

१७/
ज्यांच्याविषयी सारे बोलत होते, त्या स्त्रिया काय म्हणत होत्या? जॉनी टिलमन या आर्कान्सामधून लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात आलेल्या, लाँड्रीत काम केलेल्या, सहा मुलांच्या आई. अनुदान घेणाऱ्या मातांच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या अग्रणी होत्या. १९७२ मधील आपल्या लेखात त्यांनी या योजनेची तुलना एका जाचक विवाहाशी केली : घरातला एक पुरुष सोडावा आणि त्या जागी सरकार नावाचा धनी स्वीकारावा, जो पैशाच्या बदल्यात घरावर, शरीरावर आणि खर्चावर हुकमत गाजवतो. अटींच्या परिणामाचे इतके नेमके विश्लेषण त्या काळच्या जाडजूड अहवालांतही क्वचितच सापडते.

१८/
भगदाड बुजवण्याची एक मोठी संधी आली होती. ऑगस्ट १९६९ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी प्रस्ताव मांडला की चौघांच्या गरीब कुटुंबाला वर्षाला किमान १६०० डॉलर द्यावेत, आई-बाप दोघे असोत वा एक, काम करीत असोत वा नसोत. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाचा हा प्रस्ताव, आणि त्यामागे सल्लागार म्हणून तेच मॉयनिहन. प्रतिनिधिगृहाने तो मंजूर केला. सिनेटमध्ये तो अडला. एका बाजूला तो फार उदार वाटला, तर मातांच्या संघटनेला ती रक्कम फार अपुरी वाटली. १९७२ पर्यंत प्रस्ताव संपला. बापाला दाराबाहेर न ठेवणारी राष्ट्रीय योजना अशी दोन्हीकडून हुकली.

१९/
येथे विरुद्ध पुराव्याकडेही पाहिले पाहिजे. १९७० च्या दशकात सिअॅटल आणि डेनव्हर येथे हमी उत्पन्नाचे प्रयोग झाले. द्विपालक कुटुंबांनाही पैसे मिळाले, तरी विभक्त होण्याचे प्रमाण वाढल्याचा निष्कर्ष १९७७ मध्ये पुढे आला. सिनेटर झालेल्या मॉयनिहन यांनी आपले मत चुकल्याचे मान्य केले. पुढे १९९० मध्ये त्याच आकडेवारीची फेरतपासणी झाली आणि तो निष्कर्ष टिकत नाही, असे इतर अभ्यासकांनी दाखवले. त्यावरही प्रतिवाद झाला. तात्पर्य, 'योग्य रचना केली की कुटुंब आपोआप टिकेल' असा भाबडा विश्वास बाळगू नये. हाती पैसा आल्यावर काही स्त्रिया नकोशा विवाहातून बाहेर पडल्या असतील, तर ते सारेच अपयशाच्या खात्यावर मांडता येत नाही.

२०/
१९८४ मध्ये चार्ल्स मरे यांच्या 'लूझिंग ग्राउंड' या पुस्तकाने वाद पेटवला. हॅरल्ड आणि फिलिस हे कल्पित गरीब जोडपे त्यांनी समोर ठेवले. फिलिसला दिवस गेले आहेत. १९६० च्या नियमांत या दोघांना लग्न करणे फायद्याचे. १९७० च्या नियमांत लग्न न करता एकत्र राहणे फायद्याचे. कारण आता घरात पुरुष असला तरी अनुदान बुडत नाही, फक्त तो कायदेशीर पती नसावा. युक्तिवाद आकर्षक होता आणि त्यात तथ्याचा अंशही होता : १९६८ च्या निकालानंतर नियमांची दिशा खरोखर अशीच झाली होती. पण लोक खरेच त्या हिशेबाने वागले काय?

२१/
कालक्रम मांडून पाहावा. अमेरिकेत अविवाहित मातांच्या पोटी होणाऱ्या जन्मांचे प्रमाण १९६० मध्ये ५ टक्के, १९७० मध्ये ११, १९८० मध्ये १८, १९९० मध्ये २८ टक्के. आता अनुदानाकडे पाहावे. १९७० ते १९९६ या काळात महागाई वजा करता सर्वसाधारण राज्यातील अनुदानाचे मूल्य जवळजवळ निम्म्यावर आले. अनुदान हेच मुख्य कारण असते, तर ते घटत असताना हे प्रमाण थांबायला हवे होते. ते वाढतच गेले, आणि ज्या वर्गांनी कधी अनुदान घेतलेच नाही त्यांच्यातही वाढले.

२२/
राज्याराज्यांची तुलनाही हेच सांगते. १९९६ मध्ये तिघांच्या कुटुंबाला मिसिसिपीत महिन्याला कमाल १२० डॉलर मिळत, न्यूयॉर्क शहरात ५७७. तरी मिसिसिपीत एकल माता दुर्मीळ होत्या असे मुळीच नाही. डेव्हिड एलवुड आणि मेरी जो बेन यांच्या अभ्यासातून दिसले की अनुदानाच्या रकमेचा मूल होण्याच्या निर्णयावर फारसा परिणाम नाही. ठळक परिणाम आहे तो तरुण माता आई-वडिलांकडे राहते की वेगळे बिऱ्हाड करते, यावर. १९८७ मध्ये विल्यम ज्युलियस विल्सन यांनी शहरांतील कारखाने बंद पडल्याने स्थिर कमाई असलेले पुरुषच कमी झाले, याकडे लक्ष वेधले. मरे यांच्या हिशेबात हा कारखाना नव्हताच.

२३/
मग रचनेने काय केले? तिने बापाला कागदावरून पुसले. कॅथरिन एडिन आणि लॉरा लाइन यांनी चार शहरांतील ३७९ गरीब मातांशी बोलून त्यांचे जमाखर्च मांडले; १९९७ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. केवळ अनुदानावर कोणाचेही घर चालत नव्हते. नातलग, मित्र, मुलांचे वडील यांच्याकडून गुपचूप मदत येई. गुपचूप का? कारण १९७५ पासून अनुदान घेणाऱ्या आईला मुलाच्या पोटगीचा हक्क सरकारच्या नावे करून द्यावा लागे. बापाने रीतसर भरलेल्या पैशांतून सरकार आपला खर्च वसूल करी. १९८४ नंतर आईच्या हाती महिन्याला फार तर ५० डॉलर पडत. मुलासाठी दिलेला पैसा मुलाला मिळत नसेल, तर कोणता बाप तो रांगेत उभा राहून भरील?

२४/
२२ ऑगस्ट १९९६ रोजी बिल क्लिंटन यांनी नवा कायदा केला. जुनी योजना संपली. पाच वर्षांची कालमर्यादा आणि कामाची सक्ती आली. द्विपालक कुटुंबांना उत्तेजन हा कायद्याचा घोषित हेतू होता. त्यापूर्वीच न्यू जर्सीने १९९२ मध्ये अनुदानकाळात जन्मलेल्या नव्या मुलासाठी वाढीव रक्कम नाकारली होती आणि अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले होते. परिणाम काय? १९९६ मध्ये मुले असलेल्या शंभर गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना ही मदत मिळे; २०२० च्या सुमारास ती २१ जणांना मिळू लागली. अविवाहित मातांच्या अपत्यांचे प्रमाण मात्र ३२ टक्क्यांवरून ४० च्या आसपास गेले. पैसा काढून घेतल्याने कुटुंब परत आले नाही.

२५/
रचना सुधारल्यावर मात्र काही ठिकाणी फरक पडला. विस्कॉन्सिनने १९९७ नंतर पोटगीची पूर्ण रक्कम आईच्या हाती देऊन पाहिली. पितृत्वाची नोंद आणि पोटगी भरणारे बाप, दोन्ही वाढल्याचे अभ्यासात आढळले. मिनेसोटाने १९९४ पासून शंभर तासांचा नियम सैल केला आणि कमाई वाढली तरी मदत एकदम तोडली नाही. पहिल्या पाहणीत आधीपासून एकत्र असलेली जोडपी लक्षणीय प्रमाणात विवाहित राहिलेली दिसली. नंतरच्या नोंदींत हा परिणाम लहान ठरला. चमत्कार कोठेच नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे : बापाच्या उपस्थितीची किंमत कमी केली की बाप अधिक दिसू लागतो.

२६/
यावर एक रास्त आक्षेप आहे. तिजोरी अमर्याद नाही. दोन कमावते असलेल्या घराला आणि एकट्या आईला सारखेच दिले, तर जिची गरज मोठी तिच्यावर अन्याय होईल. म्हणून घरात कोण आहे, हे विचारावेच लागेल. हे खरे आहे. पण विचारण्याच्या दोन रीती आहेत. घरात प्रत्यक्ष किती उत्पन्न येते, हा एक प्रश्न. घरात पुरुष येतो काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात बापाची मजुरी मोजली जाते आणि मदत हळूहळू कमी होते. दुसऱ्यात त्याचे केवळ असणे हाच अपराध होतो आणि मदत एका झटक्यात जाते. अमेरिकेने दीर्घकाळ दुसरा प्रश्न विचारला, आणि ज्यांना उत्तर द्यायचे होते त्यांनी बापाला लपवले.

२७/
म्हणून 'अनुदानाने कुटुंबे मोडली' हे वाक्य पुढच्या वेळी कोणी फेकले, तर तीन उपप्रश्न विचारावेत. कोणते अनुदान? कोणत्या वर्षीचे? आणि त्याच्या पात्रतेच्या रकान्यात काय लिहिले होते? विधवांना झडतीविना हक्काचे वेतन देणाऱ्या १९३९ च्या तरतुदीवर कुटुंब मोडल्याचा आरोप सहसा कोणी करीत नाही. पैसा तेथेही सरकारचाच होता आणि घरी बाप तेथेही नव्हता. आरोप होतो तो फक्त त्या योजनेवर, जिच्या लाभार्थींना समाज आधीच संशयाने पाहत होता.

२८/
धोरण कुटुंब निर्माण करू शकत नाही. रोजगार, प्रेम, विश्वास या गोष्टी कायद्याच्या कलमातून येत नाहीत. पण आधीच असलेल्या कुटुंबाला खोटे बोलायला लावणे धोरणाला सहज जमते, आणि त्याची किंमत मूल मोजते : पोटात आणि जन्मदाखल्यावरील रिकाम्या रकान्यातही. १९०९ च्या परिषदेने सांगितले होते की गरिबीसाठी घर मोडू नये. त्या वाक्यात एका दुरुस्तीची गरज होती, ती सेल्माच्या स्वयंपाकिणीने न्यायालयात जाऊन करून घेतली : मुलाची भूक मोजताना आईच्या दारामागे पाहू नये.

(समाप्त)